भाव आधी, फोटो नंतर: स्वतःची चित्रं स्वतः विकणाऱ्यांसाठी

प्रदर्शनात एक बाई चित्रासमोर थांबतात, दोन पावलं मागे जातात, चष्मा सारखा करून पुन्हा जवळ येतात आणि विचारतात, "हे केवढ्याला?" या प्रश्नाला उत्तर देताना तुमची जीभ अडखळत असेल, तर तुम्ही कामं उलट्या क्रमाने केलीत. आधी चित्र, मग फोटो, मग पोस्ट आणि कुणी विचारलंच तर भाव, असं. माझ्या पहिल्या प्रदर्शनात मी एकाच चित्राचे तीन दिवसांत तीन भाव सांगितले. गाडीतून उतरलेल्यांना जास्त, कॉलेजातल्या मुलीला कमी, आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून त्याहून कमी. त्या मुलीची आई आणि गाडीतल्या बाई एकाच सोसायटीत राहत होत्या. चित्र घरी परत आलं.

खालचा क्रम कॅनव्हास आणि कागद, दोन्हीला चालतो. उदाहरणासाठी २४ × ३० इंचाचं ॲक्रिलिक घेतलंय. त्यातले आकडे हिशेब कळावा म्हणून आहेत, तुम्ही तुमचे घाला.

१. वही

भावाच्या आधी यादी. साधी फुलस्केप वही किंवा एक्सेल, काहीही चालेल. प्रत्येक चित्राला क्रमांक द्या आणि त्यापुढे नाव, माध्यम, आकार, साल, फोटोच्या फाइलचं नाव, चित्र सध्या कुठे आहे, किंमत आणि विकलं गेल्यावर घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहा. हाच क्रमांक चित्राच्या मागे पेन्सिलीने घाला. कागदावर मागून बॉलपेन नको, रेघ पुढे उमटते.

आकार लिहिताना आधी उंची, मग रुंदी, आणि नेहमी चित्राचाच, फ्रेमचा नाही. फ्रेमचा आकार वेगळ्या रकान्यात. ही सवय नसल्यामुळे मी एकदा आडवं चित्र उभं म्हणून कळवलं होतं आणि समोरच्यांनी दोन खिडक्यांमधली चिंचोळी भिंत त्यासाठी रिकामी करून ठेवली होती.

तपासा: वही बघून कुणी तिसऱ्याने तुमच्या घरातलं कोणतंही चित्र दोन मिनिटांत शोधून काढलं पाहिजे.

२. तळ काढा

तळ म्हणजे ज्याखाली चित्र गेलं तर तुम्ही पदरचे पैसे घातले, तो आकडा. त्यात तीन गोष्टी येतात.

सामान: ताणलेला कॅनव्हास १,१००, रंग आणि मीडियम (रंगात मिसळायचं द्रव्य) ९००, ब्रशची झीज १५०, व्हार्निश १५०, फोटो आणि किरकोळ २००. एकूण २,५०० रुपये.

तास: बहुतेक जण इथेच स्वतःला फसवतात. "आठ तासांत झालं" म्हणताना गेसो (रंगाखालचा पांढरा थर) देणं, स्केच, एकदा पुसून पुन्हा केलेलं आकाश आणि शेवटी सही कुठे करायची यात गेलेली संध्याकाळ धरलेली नसते. एका चित्राचे तास प्रामाणिकपणे लिहून काढा. समजा २२ तास झाले आणि तुम्ही तासाला २५० रुपये धरले, तर ५,५००. दर किती धरायचा? निदान चित्रकलेचा क्लास घेऊन तासाला जेवढं मिळतं, तेवढा तरी.

जागा: खोलीचं भाडं, वीज, इंटरनेट मिळून महिन्याला ७,२०० आणि महिन्यात सहा चित्रं होत असतील, तर एका चित्रावर १,२००.

बेरीज ९,२०० रुपये. हा तळ झाला. ही किंमत नाही.

३. कमिशन भागाकाराने धरा

गॅलरी किंवा ऑनलाइन दुकान ४० टक्के घेणार असेल, तर बहुतेक जण ९,२०० मध्ये ४० टक्के मिळवतात आणि १२,८८० रुपये भाव ठेवतात. पण गॅलरी कमिशन कापते ते विक्रीच्या किमतीवर. १२,८८० मधून ४० टक्के गेले की हातात येतात ७,७२८ रुपये. चित्र विकलं गेलं, पेढे वाटले आणि १,४७२ रुपये पदरचे गेले.

बरोबर हिशेब असा: कमिशन ४० टक्के, म्हणजे तुमच्याकडे राहणार ६० टक्के. ९,२०० ला ०.६ ने भागा. उत्तर १५,३३३. वरचा सोयीचा आकडा १६,०००.

आता नेहमीची शंका. घरून थेट विकताना कमिशन नसतं, मग तिथे ९,२०० ला का देऊ नये? कारण भाड्याचा हॉल, कार्ड छपाई, टेम्पो, सात दिवसांचा चहा आणि दहातली न विकली गेलेली सहा चित्रं, हा सगळा खर्च त्या वरच्या रकमेतूनच निघतो. शिवाय तुमच्या घरी ९,२०० ला मिळणारं चित्र भिंतीवर १६,००० ला टांगलंय हे कळलं, की गॅलरीवाले पुन्हा फोन उचलत नाहीत. घर, प्रदर्शन, गॅलरी, इन्स्टाग्राम, सगळीकडे एकच किंमत.

४. दर काढा, मग आकारांची यादी

१६,००० ला ७२० चौरस इंचांनी भागलं की चौरस इंचाला साधारण २२ रुपये पडतात. इथपर्यंत ठीक. हाच दर सगळ्या आकारांना लावला की गडबड होते. ८ × १० इंचाचं छोटं चित्र १,७६० रुपयांना जातं, त्यात फोटो, पॅकिंग आणि चार फोन कॉल निघत नाहीत. उलट ४८ × ६० चं मोठं चित्र ६३,३६० वर पोचतं, आणि ज्याची अजून पाच चित्रंही विकली गेलेली नाहीत त्याच्याकडून एवढ्याला कुणी घेत नाही.

म्हणून लहान आकाराला दर जास्त, मोठ्याला कमी. समजा १५० चौरस इंचांपर्यंत ३२ रुपये, पुढे १,००० पर्यंत २२, त्यावर १७. पण इथेही एक खड्डा आहे. १२ × १२ चं चित्र ३२ च्या दराने ४,६०८ रुपयांचं होतं आणि त्याहून मोठं १२ × १४ चं २२ च्या दराने ३,६९६ चं! एका भिंतीवर ही दोन शेजारी लागली की बघणारा हसतो.

यावरचा उपाय म्हणजे दर हा फक्त अंदाजासाठी वापरायचा आणि शेवटी आपण खरोखर रंगवतो त्या आकारांची यादी हाताने करायची:

- ८ × १०: ३,०००
- १२ × १२: ४,५००
- १२ × १६: ५,५००
- १८ × २४: १०,०००
- २४ × ३०: १६,०००
- ३० × ४०: २३,०००
- ३६ × ४८: ३०,०००
- ४८ × ६०: ४९,०००

जलरंगवाल्यांनी पाव, अर्धा आणि पूर्ण इम्पिरियल (जलरंगाच्या कागदाचं ठरलेलं माप) अशा तीन ओळींची स्वतंत्र यादी करावी. कागदावरचं काम कॅनव्हासपेक्षा स्वस्तच असतं असं घेणाऱ्यांच्या डोक्यात असतं. मला ते पटत नाही, पण यादी करताना ते विसरूनही चालत नाही. प्रत्येक यादीखाली "फ्रेमविना" किंवा "फ्रेमसह" लिहाच.

सावधान: तुमचं लाडकं चित्र म्हणून त्याची किंमत दुप्पट करू नका. एकाच आकाराच्या, एकाच माध्यमाच्या दोन चित्रांच्या किमती वेगळ्या दिसल्या की घेणारा लगेच विचारतो, "मग हे दुसरं कमी चांगलं आहे का?" याला उत्तर नसतं. द्यायचंच नसेल तर "विक्रीसाठी नाही" अशी चिठ्ठी लावा.

५. घासाघीस येण्याआधी नियम

सवलत किती, कुणाला आणि कशासाठी, हे भाव ठरवतानाच वहीत लिहा. माझे नियम दोनच. दोन किंवा जास्त चित्रं एकदम घेतली तर १० टक्के, आणि आधी माझं चित्र घेतलेल्याला १० टक्के. दोन्ही एकत्र नाहीत. "ताई, काहीतरी कमी करा ना" यावर मी म्हणते, "किंमत हीच आहे, पण दोन हप्त्यांत दिलेत तरी चालेल." निम्मे लोक यावर तयार होतात. त्यांना बहुतेक वेळा स्वस्त नको असतं, महिनाअखेर सांभाळायची असते. चित्र मात्र दुसरा हप्ता आल्यावरच द्यायचं.

नातेवाइकांचं काय? भेट द्यायची तर पूर्ण द्या, विकायचं तर यादीच्या भावाने विका. आत्तेभावाला निम्म्या किमतीत दिलेलं चित्र त्याच्या हॉलमध्ये लागतं, आणि आलागेला प्रत्येक जण तीच किंमत ऐकून जातो.

६. फोटो: फ्रेम करायच्या आधी

काच बसल्यावर फोटो काढू नका. काचेत पंखा, खिडकी आणि तुम्ही, तिघंही दिसता.

सकाळी दहाच्या सुमारास, ऊन थेट येत नाही अशा बाल्कनीत किंवा व्हरांड्यात चित्र सरळ उभं करा. ट्यूबलाइट, फ्लॅश बंद. घरातला दिवा आणि बाहेरचा उजेड एकत्र झाला की एका बाजूचा पांढरा पिवळट येतो. मोबाइलची लेन्स चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर धरा, चार पावलं मागे जा आणि दुप्पट झूम करा. फार जवळून काढलं तर चित्राच्या कडा फुगलेल्या येतात. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो घ्या, नंतर रंग जुळवायला त्याचा आधार होतो. आणि गडद, साधा शर्ट घाला. व्हार्निश केलेल्या निळ्या पाण्यावर माझ्याच लाल कुर्त्याची झाक आली होती, आणि मी तासभर ॲपमध्ये तो "दोष" काढत बसले होते.

किमान चार फोटो लागतात: पूर्ण चित्र, जवळून ब्रशचे फटकारे, कॅनव्हासची कड आणि आकार कळेल असा एक, म्हणजे कुणीतरी हातात धरलेलं किंवा भिंतीवर लावलेलं. सोफ्यावर चित्र चिकटवून दाखवणारी ॲपं वापरत असाल तर प्रमाण मोजा. तीन जणांचा सोफा साधारण सात फूट, म्हणजे ८४ इंच. तुमचं ३० इंच रुंद चित्र त्याच्या निम्म्याहून मोठं दिसत असेल, तर तुम्ही घेणाऱ्याला चुकीचं चित्र विकताय.

तपासा: फोटो दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा आणि चित्राच्या शेजारी धरा. पांढरा आणि सर्वात गडद रंग जुळले की पुरे.

मूळ मोठी फाइल जपून ठेवा. लोकांसाठी लांब बाजू १,६०० पिक्सेल ठेवलेली प्रत वेगळी करा. ३०० डीपीआयने (छापताना दर इंचाला ३०० ठिपके) तिचा जेमतेम सव्वापाच इंचांचा छाप निघतो, त्यामुळे कुणी चोरून पोस्टर छापायचा प्रश्न बऱ्यापैकी मिटतो. चित्राच्या मधोमध नाव असलेला वॉटरमार्क मात्र नको. चोर तो काढतो आणि गिऱ्हाईक कंटाळतं.

७. लोकांपुढे ठेवणं

ज्यांनी आधी चित्र घेतलंय त्यांना आधी, बाकीच्यांना दोन दिवसांनी. जुन्या घेणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट करा, पण लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून विक्रीच्या वेळीच त्यांना तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि जलरंगातलं धुकं डागासारखं दिसतं.

पोस्टखाली लिहायचं ते एवढंच: नाव, माध्यम, आकार, साल, फ्रेम आहे की नाही, किंमत, पाठवणी धरून की वेगळी. यावर दोन ओळी चित्राबद्दल. "किंमत इनबॉक्समध्ये" हे मला आवडत नाही. भीड असलेला माणूस इनबॉक्समध्ये येतच नाही, आणि येतात त्यातले निम्मे फक्त चौकशीला. शिवाय प्रत्येकाला वेगळा आकडा सांगायचा मोह तिथेच होतो.

विकलं गेलं की त्याच दिवशी पोस्टवर "विकलं गेलं" लिहा, प्रदर्शनात लाल टिकली लावा. पैसे न येता टिकली नाही. "माझ्यासाठी ठेवा" म्हणणाऱ्याला ४८ तास द्या आणि ती वेळ लिहून कळवा.

सावधान: चित्र न बघता, आकार न विचारता, "लगेच घेतो" म्हणत कुणी क्यूआर कोड पाठवला आणि "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणाला, तर थांबा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

८. कागदपत्रं

पावती द्या. तिच्यावर वहीतला क्रमांक, चित्राचा तपशील, रक्कम, तारीख. २२ सप्टेंबर २०२५ पासून हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण तुमची नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही. नोंदणी कधी लागते आणि परराज्यात विकताना काय, हे एकदा सीएला विचारून घ्या.

सोबत सही केलेलं अस्सलपणाचं प्रमाणपत्र, लहानसा फोटो चिकटवून.

आता लोक सर्वात जास्त चुकतात तो भाग. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. घेणाऱ्याला ते भिंतीवर लावता येतं, त्याच्या डायऱ्या आणि कॅलेंडरं छापता येत नाहीत. पण हे झालं तुम्ही आपल्या मनाने काढलेल्या चित्राचं. कुणी सांगून, पैसे देऊन काढून घेतलेलं चित्र असेल, म्हणजे आजोबांचं पोर्ट्रेट किंवा गावच्या वाड्याचं चित्र, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक ऑर्डर देणारा ठरतो. म्हणून ॲडव्हान्स घेतानाच एक ओळ लिहून दोघांनी सही करायची: "या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील." ही ओळ आणखी एका कारणासाठी हवी. कलम ५३अ प्रमाणे मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्या किमतीत चित्रकाराला वाटा मागता येतो, पण तो पहिला मालक असेल तरच. आणि चित्र कुणाकडे आहे हे ठाऊक असेल तर. वहीतला नाव-पत्त्याचा रकाना आठवला?

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी चित्र मागितलं जातं तेव्हाही हेच. जूनमध्ये फोन येतो, "मोठी फाइल पाठवून द्या, नाव छापू." पाठवण्याआधी मेलवर लिहून घ्या: कोणता अंक, कोणत्या वर्षाचा, एकदाच वापर, छापील की ऑनलाइनही, मानधन किती. हक्क लेखी करून देताना मुदत घातली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. मूळ चित्र तुमच्याकडेच राहतं आणि यादीच्या भावाने विकता येतं.

९. पॅकिंग आणि कुरिअर

ॲक्रिलिक वाळलं तरी उन्हात किंचित चिकट होतं. मी एकदा बबल रॅप थेट रंगावर गुंडाळून मे महिन्यात नागपूरला चित्र पाठवलं. पोचलं तेव्हा आकाशभर एकसारखी गोल टिंबं होती, ओळीने, शिस्तीत. पैसे परत केले, चित्र पुन्हा रंगवलं.

तर क्रम असा: रंगावर आधी ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद) किंवा सिलिकॉनचा बेकिंग पेपर. मग चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन, म्हणजे वरचा पुठ्ठा रंगाला टेकत नाही. पुढे-मागे जाड पुठ्ठा, त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. पावसाळ्यात सगळ्यावर प्लास्टिक आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, नाहीतर कागदावर बुरशीचे ठिपके येतात. शेवटी खोका किंवा प्लायची पेटी. फ्रेम पाठवायचीच असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक शीट बसवा.

न ताणलेला कॅनव्हास गुंडाळताना रंग बाहेरच्या बाजूला ठेवा. आत ठेवला की रंग दाबला जातो आणि सुरकुततो. नळी प्लंबिंगच्या दुकानातला चार इंची पीव्हीसी पाइप, रंग जाड असेल तर सहा इंची. अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्यांना मी असंच पाठवते, ताणून ते तिथे घेतात.

कुरिअरचा भाव पॅकिंगच्या आधी विचारू नका. बऱ्याच कंपन्या खरं वजन नाही, आकारावरून वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. आपलं २४ × ३० चं चित्र पॅक झाल्यावर ७१ × ८६ × १० होतं, म्हणजे सव्वाबारा किलो. तराजूवर ते तीन किलोही भरत नाही.

तपासा: बंद करण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा फोटो. घेणाऱ्याला खोका उघडतानाचा व्हिडिओ काढायला सांगा. नुकसानभरपाई मागताना तोच कामाला येतो.

१०. भाव वाढवणं

वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, सगळ्या आकारांना सारखेच १० टक्के. तेही आदल्या वर्षी निम्मी तरी चित्रं गेली असतील तरच. जुन्या घेणाऱ्यांना महिनाभर आधी कळवा, त्या महिन्यात एखादं चित्र हमखास जातं. भाव कमी मात्र करायचा नाही, कारण गेल्या वर्षी पूर्ण किंमत मोजलेल्यांना तुम्ही तोंड कसं दाखवणार? विक्री थांबली असेल तर लहान आकाराची चित्रं जास्त काढा. आणि नवी यादी लागू होईल त्याच दिवशी जुन्या पोस्टखालच्या किमती बदला, दोन वर्षांपूर्वीचा स्क्रीनशॉट घेऊन कुणीतरी येतंच.